फॅट ३.९ वरून ३.२ : चारा तोच, पेंड तीच, मग बिघडलं काय?

माळावरचा गोठा | सोमवार, रात्री ९.५०

राम राम मंडळी. डोकं चालेनासं झालंय म्हणून इथं लिहितोय. संगमनेरच्या पठारावर आमच्या सहा संकरित एचएफ (होल्स्टीन) गाई आहेत, त्यातल्या चार दुधात. सरासरी १८ लिटर. दिवाळीपर्यंत फॅट ३.८-३.९ लागत होती. आता महिना झाला, डेअरीची पावती ३.२ च्या वर जायला तयार नाही. परवा तर ३.० आली. एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) ८.५ ला टिकून आहे आणि लिटरही फारसे घटलेले नाहीत.

३.५/८.५ च्या खाली गेलं की पॉइंटामागे कसे कापतात ते तुम्हाला सांगायला नको. संकलनवाल्याशी भांडून झालं. मशीनवर संशय घेतला, शेजारच्या गावच्या सेंटरवर बाटली नेऊन तपासली, तिथंही ३.२.

एका गाईला दिवसाचं खाणं असं: मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) १५ किलो, ज्वारीचा कडबा ३ किलो, गोळी पेंड आणि मका भरडा मिळून ८ किलो (४ सकाळी, ४ संध्याकाळी, धारेच्या वेळी), खनिज मिश्रण ५० ग्रॅम. दिवाळीआधीही हाच हिशेब होता. काहीही बदललेलं नाही.

कडवळ | सोमवार, रात्री १०.१५

पेंडीत भेसळ. डोळे झाकून सांगतो. कंपनी बदला नाहीतर बायपास फॅट (पेंडीत मिसळायची चरबीची पूड) चालू करा.

शेणखत | सोमवार, रात्री १०.२०

म्हैस घ्या. विषय संपला.

आक्काचा गोठा | मंगळवार, पहाटे ५.३०

दादा, "काहीही बदललेलं नाही" असं म्हणणाऱ्याच्या गोठ्यात काहीतरी बदललेलं असतंच. बायपास फॅटला पैसे घालण्याआधी चार गोष्टी सांगा. दुपारी गाई बसल्या की त्यातल्या किती रवंथ करतात? शेण कसं पडतं, पोह करून की पातळ पसरतं? गाई भिंत, दावं, माती चाटतात का? आणि दिवाळीत गोठ्यात नवीन काय आलं?

माळावरचा गोठा | मंगळवार, दुपारी २.०५

आक्का, मुद्दाम दुपारी जाऊन बसलो. चार गाई बसलेल्या, रवंथ करणारी एकच. शेण पातळ आहे, वर बुडबुडे दिसतात आणि मक्याचे कण तसेच पडलेले. आम्ही म्हणत होतो मुरघासाचं शेण असंच असतं. एक गाय गव्हाणीची कड चाटते, पण ती पहिल्यापासून खोडकर.

नवीन म्हणाल तर पाडव्याला तीन एचपीची कडबाकुट्टी घेतली. जुनी दीड-दीड इंचाचे तुकडे पाडायची आणि गाई जाड बुडखे सोडून द्यायच्या. आता कुट्टी एकदम रव्यासारखी निघते. गव्हाणीत एक काडी उरत नाही. वडील जाम खूष आहेत, कडब्याची नासाडी बंद झाली म्हणून.

आक्काचा गोठा | मंगळवार, दुपारी २.४०

सापडलं. बाकीचं डॉक्टर सांगतील. डॉक्टर टोचण, आहात का?

डॉक्टर टोचण | मंगळवार, रात्री ११.१०

आहे. आत्ताच एक अडलेली गाय सोडवून आलो, तेव्हा हाताला वास आहे, पण लिहितो.

माळावरचे दादा, आधी तुमचा कागद तपासू. मुरघासात कोरडा भाग ३० टक्के धरला तर १५ किलोत साडेचार किलो. कडब्याचे २.७. चाऱ्यातून झाले ७.२. आठ किलो पेंड-भरड्यातूनही साधारण ७.२. म्हणजे निम्मा चारा, निम्मा खुराक. १८ लिटरच्या गाईला हे चालतं. मला कुणी नुसता कागद दाखवला असता तर मी पास करून टाकला असता. तुमचा घोळ कागदावर नाही, गव्हाणीत आहे.

गाईच्या डाव्या कुशीत शंभर-दीडशे लिटरची टाकी असते. त्याला आपण कोठीपोट म्हणतो. चारा पचवते ती गाय नाही, त्या टाकीतले जिवाणू. ते चारा आंबवतात, त्यातून आम्लं तयार होतात आणि ती आम्लं रक्तात जाऊन गाईचं बहुतेक इंधन भागवतात. धागेदार चाऱ्यावर जगणारे जिवाणू ॲसेटिक आम्ल जास्त करतात. दुधातली फॅट बनवायला कासेला मुख्यतः तेच लागतं. पिठूळ दाण्यावर जगणारे प्रोपिऑनिक आम्ल जास्त करतात. त्याची यकृतात साखर होते आणि त्या साखरेवर दुधाचे लिटर ठरतात. म्हणून तुमचे लिटर जागेवर आहेत आणि फॅट पडलीय. पेंडीत भेसळ असती तर बहुधा आधी लिटर आणि एसएनएफ घसरले असते.

आता कुट्टी. कोठीपोटात लांब काड्यांची गादी तरंगत असते. ती गादी पोटाच्या भिंतीला घासते तेव्हा गाईला रवंथ येते. रवंथ म्हणजे लाळ. मोठी गाय दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ गिळते, आणि त्या लाळेत सोडा असतो. आपण खाण्याचा सोडा म्हणतो तोच, फुकटचा. हा सोडा टाकीतलं आम्ल मारतो. तुम्ही कडब्याचा रवा केलात. गादी बनेना, भिंतीला टोचायला काही उरलं नाही, रवंथ थांबली, लाळ आटली. बारीक कुट्टी तळाला बसते आणि पुरती पचायच्या आत पुढे सरकते. शेणात मका दिसतो त्याचं एक कारण हेही आहे.

वर रात्रभराच्या रिकाम्या पोटावर पहाटे एका दमात ४ किलो पेंड. कोठीपोटाचा सामू (पीएच, आकडा उतरला की आम्ल वाढलं) साधारण ६ ते ७ मध्ये खेळता हवा. असा पेंडीचा गोळा पडला की दोन-चार तासांत तो झपकन उतरतो. ५.८ च्या खाली तासनतास राहिला की धागा पचवणारे जिवाणू मान टाकतात. सावरतोय तोवर संध्याकाळचे ४ किलो. आधी लाळ भरपूर होती म्हणून हा मार झाकला जात होता. कुट्टीनं झाकण काढलं.

आणखी एक. थंडीत फॅट एरवी आपसूक थोडी वाढते. तुमची उलट उतरली, म्हणजे मार दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. खुरांकडे लक्ष ठेवा. हे असंच चाललं तर दोन-तीन महिन्यांनी गाई लंगडायला लागतात आणि तोवर कुट्टीचं कुणाच्या ध्यानातही नसतं.

माळावरचा गोठा | बुधवार, पहाटे ४.५५

डॉक्टर, वाचून झोप उडाली. आज सगळं बदलून टाकतो.

डॉक्टर टोचण | बुधवार, सकाळी ७.३०

अजिबात नाही! एका दिवसात काही बदलायचं नाही. जिवाणूंची वस्ती नव्या खाण्यावर बसायला दहा-बारा दिवस घेते. कुट्टी आजपासून लांब करा, त्यात धोका नाही. धारेच्या वेळची पेंड दर दोन दिवसांनी अर्धा किलो कमी करून ती दुपारी आणि रात्री वळवा. एकूण आठ किलोच राहू दे. तेवढ्यापुरता खाण्याचा सोडा गाईला दिवसाला १०० ग्रॅम, पेंडीत मिसळून. पण सोडा म्हणजे कुबडी. कुट्टी रव्यासारखीच ठेवून सोडा चारणारे गोठे मी बघितलेत, दुकानदाराचं तेवढं भलं होतं.

आणि रात्री झोपण्यापूर्वी गव्हाणीत लांब कडबा टाकून ठेवा. पहाटे पेंडीच्या आधी गाईच्या पोटात काडी असायला हवी. उठल्यावर आधी चारा, अर्ध्या-पाऊण तासानं पेंड.

कडवळ | बुधवार, सकाळी ८.१०

भेसळीचं मी मागे घेतो. पण मशीनमधलं मला कळतं, तेवढं सांगतो. तुमच्या कुट्टीला चाकावर चार पाती असतील. गिअरचा दांडा लांबवर टाका. तरी बारीक निघाली तर दोन पाती काढा, मात्र समोरासमोरची. एकच काढली तर चाक थरथरेल आणि बेअरिंग जाईल. पाती दोन झाली की त्याच वेगात तुकडा दुप्पट लांब पडतो. आणि धार लावून घ्या. बोथट पातं काडी कापत नाही, चेचतं.

पुणेरी दूधपिता | बुधवार, सकाळी १०.४५

माझ्याकडे गाय नाही, फक्त पिशवी आहे. पण एक शंका. आमच्या आजोळी आंबोण भिजवून द्यायचे, घमेलंभर, धार काढताना. ते चुकीचं होतं का?

आक्काचा गोठा | बुधवार, दुपारी १.१५

चुकीचं नव्हतं हो. तुमच्या आजोळची गाय चार लिटरची असणार. दिवसभर रानात चरून, काड्या चावून आलेली, पोट भरलेलं. तिला वर किलोभर आंबोण म्हणजे लाडू. भिजवण्यानं पेंड मऊ होते, भुस्सा उडत नाही, गाय पान्हा चांगला घालते. आताची गाय जागेवर बांधलेली आणि तिला आठ किलो. पद्धत तीच राहिली आणि घमेलं चौपट झालं.

मीही वर्षानुवर्षं भिजवत होते. बंद केलं त्याचं कारण वेगळं. उन्हाळ्यात रात्री भिजवलेलं सकाळी आंबूस यायचं, आणि भिजलेली पेंड गाय न चावता गिळते. कोरडी दिली तर निदान चार वेळा तोंड हलवते. पण सासूबाई होत्या तोवर मला हे बोलायची सोय नव्हती.

बेंदरातला बैल | बुधवार, संध्याकाळी ६.३०

आमच्या कोल्हापूर भागातलं सांगतो. इथं हंगामात उसाचं वाढं (शेंड्याचा हिरवा पाला) फुकट नाहीतर स्वस्त, त्यामुळं चार महिने गाईंच्या पुढ्यात नुसतं वाढं. पोट भरतं पण अंगी लागत नाही. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून वाढ्याच्या दिवसांत खनिज मिश्रण चुकवू नये. काही जण चुन्याची निवळी टाकतात, ते डॉक्टरांना विचारून करा.

२०१८-१९ च्या दुष्काळात माण-खटावकडं छावणीला पाहुण्यांची जनावरं होती. तिथं अख्खा ऊसच कुट्टी करून घालत होते, दुसरं होतंच काय? पहिले काही दिवस जनावरं अशी ढाळायची की बघवायचं नाही. साखर फार लवकर आंबते म्हणे. ज्यांनी सोबत वाळकं काड थोडं तरी आणलं होतं, त्यांची जनावरं सावरली.

डॉक्टर टोचण | बुधवार, रात्री १०.००

बैलाचं नाव निघालंच आहे तर हेही लिहून ठेवतो, कारण दरवर्षी तेच घडतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी माझा फोन पहाटेपासून वाजतो. तुमच्याकडं बेंदराला वाजत असेल. लोक मायेनं बैलाला पुरणपोळ्या चारतात. घरचे चारतात ते चारतात, शेजारची बाई ताट घेऊन येते, मग पाहुणे येतात. शिजलेलं पीठ आणि गूळ, दोन्ही आंबायला क्षणभर थांबत नाहीत. कोठीपोटात लॅक्टिक आम्लाचे जिवाणू इतके माजतात की सामू ५ च्याही खाली जातो. शरीरातलं पाणी पोटात ओढलं जातं. डाव्या कुशीवर मूठ दाबली की पखालीत पाणी हिंदकळल्यासारखा डुबुक आवाज येतो. डोळे आत गेलेले, नाक कोरडं, शेण आंबट वासाचं आणि पातळ, बैल उभा राहीना.

एका गावात असाच एक बैल बघितला. मालकानं आदल्या संध्याकाळी "पोट फुगलंय" म्हणून तेल पाजलं होतं आणि रात्र काढली होती. पोटफुगीला तेल ठीक, पण हे फुगणं नव्हतं. शिरेतून सोडा, सलाईन, पोट धुणं, सगळं केलं. मग मालकाच्याच दुसऱ्या धडधाकट बैलाच्या तोंडातून रवंथाचे गोळे काढून पाण्यात कालवून नळीनं पाजले. जिवाणूंचं विरजण म्हणा. तो वाचला. त्याच दिवशी दुसऱ्या वस्तीवरचा नाही वाचला, तिथं पोहोचायला दुपार झाली.

लग्नातला उरलेला भात, हॉटेलातल्या शिळ्या पोळ्या, धान्याच्या पोत्याला लागलेलं तोंड, सगळ्यांची कथा हीच. तुमची फॅट ३.२ म्हणजे याचंच रोजचं, मंद रूप.

माळावरचा गोठा | बुधवार, रात्री १०.३५

आमची आई रोज संध्याकाळी गाईंना शिळी भाकरी देते. एकेक. तेवढी चालते ना? तिला "बंद कर" म्हणायची माझी छाती नाही.

डॉक्टर टोचण | बुधवार, रात्री १०.४०

एकेक चालते. घमेलं चालत नाही.

टीएमआरवाला | गुरुवार, दुपारी १२.२०

एवढं तुकड्या-तुकड्यानं पेंड वाटत बसण्यापेक्षा सगळं एकत्र कालवून द्या, टीएमआर म्हणतात ते हेच. मुरघास, कुट्टी, पेंड, खनिज, सगळं एका मिश्रणात. गाय दिवसभर थोडं थोडं खाते, प्रत्येक घासात चारा आणि पेंड एकाच प्रमाणात जाते, सामूचा झोका राहत नाही. आमच्याकडे चाळीस गाई, मिक्सर वॅगन घेतली, दोन वर्षांत फॅट स्थिर आहे.

आक्काचा गोठा | गुरुवार, दुपारी १.००

चाळीस गाई आणि वॅगन असेल तर खरंच झकास. सहा गाईवाल्यानं काय करावं ते सांगा. शिवाय वीस लिटरची, आठ लिटरची आणि आटलेली, तिघींना एकच मिश्रण घातलं तर आटलेली लठ्ठ होऊन व्यायला अडते. आमच्या शेजारी झालंय.

टीएमआरवाला | गुरुवार, दुपारी १.३०

ताई, गट पाडायचे. दुधाच्या वेगळ्या, आटलेल्या वेगळ्या. मुक्त गोठ्यात जमतं. बांधीव गोठ्यात ताडपत्रीवर फावड्यानं कालवता येतं, मी सुरुवात तशीच केली होती. खाली मुरघास पसरा, त्यावर कुट्टी, वर पेंड आणि खनिज, तीन वेळा उलथापालथ. जास्त दुधाच्या गाईला वरून किलो-दीड किलो धारेच्या वेळी. एकच खबरदारी. मिश्रण कोरडं असेल तर गाई नाकानं ढोसून पेंड खाली पाडतात, तेवढी चाटतात आणि काड्या ठेवतात. मग मिश्रण केलं काय नि न केलं काय, सारखंच. थोडं पाणी शिंपडा, पेंड काडीला चिकटते. आणि दिवसातून चार-पाच वेळा चारा पुढं लोटा.

डॉक्टर टोचण | गुरुवार, रात्री ९.१५

टीएमआरवाल्यांशी नव्वद टक्के सहमत. उरलेले दहा टक्के असे की वॅगनमध्ये जास्त वेळ फिरवलं तर तीही कुट्टीचा रवाच करते. त्यांच्याकडे होत नसेल, पण मी पाहिलंय.

माळावरचे दादा, आता खर्च नसलेल्या दोन तपासण्या. पहिली: गाय निवांत बसली की तिच्याकडे बघत बसा. गळ्यातून गोळा वर येतो तिथून तो परत गिळेपर्यंत किती वेळा चावते ते मोजा. ५५-६० च्या आसपास आली तर पोट खूष. पन्नासच्या खाली सारखी येत असेल तर काडी कमी पडतेय. दुसरी: ओंजळभर ताजं शेण जुन्या पिठाच्या चाळणीत घेऊन नळाखाली धुवा. पाणी स्वच्छ येईपर्यंत. खाली काय उरतं ते लिहा.

माळावरचा गोठा | शुक्रवार, संध्याकाळी ७.२०

मोजलं. चार गाई, तीन-तीन गोळे. ३८, ४१, ३६, ४४. पोरगं म्हणालं पप्पा गाईसमोर बसून काय पुटपुटताय.

चाळणीत मक्याचे अर्धवट दाणे मूठभर निघाले आणि एक शेंबडासारखी पांढरट साल. ती काय?

डॉक्टर टोचण | शुक्रवार, रात्री ९.४०

आतड्यातली. जे कोठीपोटात आंबायचं ते पुढं सुटलं आणि मोठ्या आतड्यात आंबलं, तिथलं अस्तर सोललं. काम चालू ठेवा. फॅट लगेच वर येणार नाही, दोन-तीन आठवडे धरा. आणि भरडा जरा बारीक दळून घ्या. कडबा लांब हवा, मका बारीक. तुमच्याकडं नेमकं उलटं होतं.

शेणखत | शुक्रवार, रात्री ९.५५

या धाग्यात माझ्या नावाला न्याय मिळाला.

वासरांची आई | शनिवार, सकाळी ११.००

विषयाला थोडं सोडून, पण जवळचंच. आमची कालवड दोन महिन्यांची आहे, दूध सोडवायचंय. कोवळं गवत लावलं की कोठीपोट लवकर तयार होतं असं सगळे म्हणतात. खरं का?

डॉक्टर टोचण | शनिवार, दुपारी ३.३०

निम्मं खरं. गवतानं पोट मोठं होतं, डेऱ्यासारखं दिसतं, पण आतली मखमल वाढत नाही. आम्लं शोषणारे ते बारीक कोंब वाढतात दाण्यातून तयार होणाऱ्या आम्लांमुळं, त्यातही ब्युटिरिक. म्हणून पहिल्या आठवड्यापासून मूठभर वासरांचा खुराक आणि स्वच्छ पाणी समोर हवं. दूध कोठीपोटात जात नाही, ते बगल मारून थेट चौथ्या कप्प्यात उतरतं. पाणी मात्र कोठीपोटात जातं, आणि जिवाणूंना पाण्याशिवाय काम करता येत नाही. सलग तीन दिवस किलोभर खुराक खाल्ला की दूध तोडा. वयावर नको, खाण्यावर ठरवा.

माळावरचा गोठा | तिसऱ्या आठवड्यातला रविवार, रात्री ८.४५

मंडळी, उशीर झाला, कांद्याच्या लागणीत होतो. हिशेब देतो.

कडवळ भाऊंच्या सांगण्यावरून समोरासमोरची दोन पाती काढली, गिअर लांबवर. आता तुकडा इंच-दीड इंचाचा पडतो. मुरघास विकतच्या बॅगेतलं बारीकच आहे, त्याला इलाज नाही, म्हणून कडबा ३ चा साडेतीन किलो केला. पेंड आता चार वेळा, धारेला दीड-दीड किलो आणि दुपारी-रात्री अडीच-अडीच, मुरघासावर कालवून, पाणी शिंपडून. पहिले पाच दिवस एका गाईनं पेंड कमी दिसल्यावर धारेला लाथा झाडल्या, मग गप झाली. सोडा परवा बंद केला.

पावती: पहिल्या आठवड्यात ३.२-३.३, काही फरक नाही. बाराव्या दिवशी ३.४. आज सकाळी ३.७. दूध अर्ध्या लिटरनं घटलं होतं, परत आलं. रवंथ आज मोजली, ५७, ५२, ६१, ५५. दुपारी चारपैकी तीन चावत होत्या. शेण पोह करून पडतंय. गव्हाणीची कड चाटणारी अजून चाटते, ती खरंच खोडकर निघाली.

एकच तक्रार शिल्लक आहे, तीही वडिलांची. गव्हाणीत परत काड्या उरायला लागल्या. रोज सकाळी गोळा करून मला दाखवतात.

आक्काचा गोठा | रविवार, रात्री ९.१०

त्या आटलेल्या गाईंपुढे टाका, त्या खातील. आणि वडिलांना पावती दाखवा.

माळावरचा गोठा | रविवार, रात्री ९.२५

दाखवली आक्का. म्हणाले, थंडी पडली की फॅट वाढतेच.